कुंपणच शेत खाऊ लागते तेव्हा

लुपस नावाचा आजार, उंदरांवरचे प्रयोग आणि आपल्या लेकी-सुना



कुंपणच शेत खाते, ही म्हण आपल्या तोंडात नेहमी असते. राखण करायला ठेवलेल्यानेच नुकसान केले की आपण ती वापरतो. ही म्हण माणसाच्या शरीरालाही लागू पडते. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. बाहेरून आलेल्या रोगजंतूंना ओळखून त्यांचा बंदोबस्त करणे हे त्यांचे काम. पण काही माणसांत या राखणदारांची ओळखच चुकते. ते घरच्याच माणसांना चोर समजू लागतात आणि सांधे, कातडी, रक्त, मूत्रपिंडे यांवर हल्ला चढवतात. अशा आजारांपैकी एक म्हणजे लुपस.

लुपस हा लॅटिन शब्द. त्याचा अर्थ लांडगा. चेहऱ्यावर उठणारे चट्टे लांडग्याने चावा घेतल्यासारखे दिसतात, असे युरोपातील जुन्या वैद्यांना वाटले आणि नाव पडले. हा आजार झालेल्या दहा जणांत नऊ बायका असतात, आणि तोही ऐन उमेदीच्या वयात, म्हणजे साधारण पंधरा ते पंचेचाळीस या वर्षांत जडतो. ज्या वयात लेक कॉलेजात जाते, सून घरात येते, पहिले मूल होते, नेमके ते वय.

ताप आला की मलेरिया, असे नव्हे

डहाणू आणि तलासरी तालुक्यांत ताप नवा नाही. पावसाळ्यात आवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात उभे राहायचे, अंगावर पाऊस झेलायचा, मग थंडी-ताप येणारच, असे आपण धरून चालतो. मलेरिया, विषमज्वर, कावीळ यांची नावे पाड्यापाड्यावर माहीत आहेत. सांधे दुखले तर कामाने दुखले, अंग गळून गेले तर रक्त कमी झाले, केस गळाले तर बाळंतपणामुळे गळाले. प्रत्येक तक्रारीला आपल्याजवळ एक कारण तयार असते. लुपस याच गर्दीत लपून बसतो.

म्हणून त्याच्या खुणा एकत्र पाहाव्या लागतात. आठवडेच्या आठवडे रेंगाळणारा बारीक ताप. सकाळी उठल्यावर बोटांचे सांधे सुजून आखडणे. दोन्ही गालांवर आणि नाकाच्या वरच्या भागावर फुलपाखराच्या पंखांसारखा लालसर चट्टा, आणि उन्हात काम केले की तो वाढणे. तोंडात वरचेवर फोड येणे. केसांचे पुंजके गळणे. पायावर, डोळ्यांखाली सूज येणे, लघवीला फेस येणे. दिवस राहून पुन्हा पुन्हा गर्भ पडणे. यातली एखादी तक्रार असली म्हणजे लुपस झाला असे मुळीच नाही. पण तीन-चार एकत्र आल्या आणि महिनाभर हटल्या नाहीत, तर केवळ सलाईन लावून घरी परतणे बरे नव्हे.

हा आजार फार जणांना होतो असेही नाही. दिल्लीजवळच्या खेड्यांत पाहणी झाली होती. तिचे निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाले, त्यात लाखात सुमारे तीन जणांना लुपस आढळला. प्रमाण थोडे आहे, म्हणूनच गावच्या दवाखान्यात तो चटकन ध्यानात येत नाही. आणि उशीर झाला तर मार बसतो मूत्रपिंडांवर. मूत्रपिंडे एकदा निकामी झाली की डायलिसिसच्या फेऱ्या सुरू होतात, आणि त्या फेऱ्यांत घराची शेती, जनावरे, दागिने काय काय जाते हे सांगायला नको.

कोंबडीने दाखवलेली वाट

आता प्रश्न असा की राखणदार बिघडले हे शास्त्रज्ञांना कळले कसे आणि त्यांना वठणीवर कसे आणावे? याचे उत्तर आपल्या खुराड्यातून सुरू होते.

कोंबडीच्या शेपटीखाली, विष्ठेच्या वाटेजवळ एक लहानशी पिशवी असते. फॅब्रिशियस नावाच्या इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते. ती कशासाठी आहे हे शेकडो वर्षे कोणालाच ठाऊक नव्हते. अमेरिकेत ओहायो येथे ब्रूस ग्लिक हा तरुण विद्यार्थी कोंबड्यांवर अभ्यास करीत होता. त्याने काही पिलांची ही पिशवी काढून टाकली. पुढे त्याच्या चँग नावाच्या सहाध्यायाने वर्गात दाखवण्यासाठी त्याच कोंबड्यांना जंतू टोचले. कोंबडीच्या रक्तात त्या जंतूंविरुद्ध प्रतिद्रव्ये, म्हणजे रोगाशी लढणारे पदार्थ, तयार होतील अशी अपेक्षा होती. पिशवी काढलेल्या कोंबड्यांत ती तयारच झाली नाहीत. हा शोध १९५६ साली कुक्कुटपालनाच्या एका मासिकात छापून आला. सुरुवातीला त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पण प्रतिद्रव्ये बनवणाऱ्या पेशींना आज सारे जग ‘बी पेशी’ म्हणते, ते या पिशवीच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरावरून. इथले ‘बी’ म्हणजे बियाणे नव्हे. माणसात अशी पिशवी नसते. आपल्या बी पेशी हाडांच्या आतल्या मगजात तयार होतात.

लुपसमध्ये बिघडतात त्या मुख्यतः याच बी पेशी. त्या रोगजंतूंऐवजी आपल्याच पेशींच्या गाभ्याविरुद्ध प्रतिद्रव्ये सोडू लागतात. ती प्रतिद्रव्ये मूत्रपिंडाच्या बारीक गाळणीत साठतात, आणि भाताच्या खाचराची मोरी गाळाने तुंबावी तशी ही गाळणी तुंबते, सुजते आणि फाटते. मग अंगातले प्रथिन लघवीवाटे वाहून जाते. फेस येतो तो त्याचाच.

काळ्या-पांढऱ्या उंदरांचा संकर

संकरित बियाणे आपल्याला माहीत आहे. दोन जातींचा संकर केला की पहिल्या पिढीत काही वेगळेच गुण उतरतात. न्यूझीलंडमधील डुनेडिन या शहरात उंदरांच्या बाबतीत असेच घडले. तिथे एक काळी जात होती. तिच्या उंदरांत आपल्याच रक्तपेशींवर हल्ला होतो, असे १९५९ साली दिसून आले. या काळ्या जातीचा पांढऱ्या जातीशी संकर केल्यावर जी पहिली पिढी जन्मली तिला थेट लुपससारखा आजार होऊ लागला. ही गोष्ट १९६३ साली प्रसिद्ध झाली. विशेष म्हणजे या संकरातही माद्यांना आजार लवकर आणि जोरात होतो, अगदी माणसांतल्या बायकांप्रमाणे. बहुतेक माद्या मूत्रपिंडे निकामी होऊन वर्षभराच्या आतबाहेर दगावतात.

कुत्र्यांनाही लुपस होतो, त्याची शास्त्रीय नोंद १९६५ साली झाली. पण प्रयोगासाठी उंदीर सोयीचा. त्याचे आयुष्य दोन-अडीच वर्षांचे. माणसात वीस वर्षांत जे घडते ते उंदरात काही महिन्यांत दिसते. शिवाय एका जातीचे सगळे उंदीर सारखे, म्हणून औषधाचा गुण की नशिबाचा भाग, हे ओळखणे सोपे जाते.

राखणदारावर राखणदार

पांढऱ्या पेशींत आणखी एक जात आहे, ‘टी पेशी’. त्यांतील काही पेशी जंतू शिरलेल्या पेशींना थेट ठार मारतात. शास्त्रज्ञांनी विचार केला, की या मारक पेशींनाच बिघडलेल्या बी पेशी ओळखायला शिकवले तर?

आपल्या जनावरांच्या कानात बिल्ला असतो, तशी प्रत्येक बी पेशीच्या अंगावर एक खूण असते. तिला सीडी १९ असे नाव आहे. टी पेशी रक्तातून काढायच्या, रोग न पसरवणाऱ्या विषाणूच्या मदतीने त्यांच्यात हा बिल्ला ओळखणारा नवा गुण घालायचा, प्रयोगशाळेत त्यांची संख्या वाढवायची आणि पुन्हा शरीरात सोडायच्या. अशा शिकवलेल्या पेशींना ‘कार टी पेशी’ म्हणतात. ही पद्धत आधी रक्ताच्या कर्करोगासाठी निघाली, कारण काही कर्करोगांत बी पेशीच बेसुमार वाढतात.

अमेरिकेत मेम्फिस येथील टेनेसी विद्यापीठात मार्को राडिक यांच्या गटाने हाच उपाय लुपस झालेल्या उंदरांवर करून पाहिला. न्यूझीलंडची संकरित जात आणि आणखी एक जात त्यांनी घेतली. २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कार टी पेशींनी उंदरांच्या अंगातील बी पेशी वेचून वेचून संपवल्या. आपल्याच शरीराविरुद्धची प्रतिद्रव्ये नाहीशी झाली, मूत्रपिंडांचे आणि कातडीचे दुखणे ओसरले आणि उपचार केलेले उंदीर जास्त जगले. एकदा सोडलेल्या पेशी वर्षभर पहारा देत राहिल्याचेही दिसले.

याआधी बी पेशी मारणारी इंजेक्शने होतीच. पण ती रक्तात फिरणाऱ्या पेशींना मारतात, आणि गाठींच्या व इतर अवयवांच्या आत दडून बसलेल्या काही पेशी वाचतात. तण वरवर कापले आणि लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत राहिल्या, तर काय होते हे आपल्याला सांगायला नको. कार टी पेशी जिवंत असतात, त्या स्वतः फिरून आत शिरतात आणि गाठीसकट तण काढतात.

उंदरापासून माणसापर्यंत

उंदीर बरा झाला म्हणजे माणूस बरा होईल, असे गृहीत धरता येत नाही. उंदरात गुणकारी ठरलेली पुष्कळ औषधे माणसात फसली आहेत. या उपायाने मात्र पुढची पायरी गाठली. जर्मनीतील एर्लांगेन येथे गेओर्ग शेट यांच्या पथकाने २०२१ साली वीस वर्षांच्या एका मुलीवर हा उपचार केला. तिचा लुपस कोणत्याही औषधाला दाद देत नव्हता. ती सावरली. २०२२ साली अशा पाच रुग्णांची हकिकत छापून आली, आणि २०२४ साली पंधरा रुग्णांची. त्या पंधरांत आठ जण लुपसचे होते. आठही जणांचा आजार शांत झाला आणि प्रतिकारशक्ती दाबणारी रोजची औषधे थांबवता आली.

यातली नवलाची गोष्ट पुढेच आहे. काही महिन्यांनी या रुग्णांच्या अंगात बी पेशी पुन्हा तयार झाल्या, पण आजार परतला नाही. बिघडलेले जुने रोप उपटून टाकल्यावर मगजातून नवे निरोगी रोप वर आले, असे म्हणता येईल. मात्र ही संख्या थोडी आहे आणि काळही थोडा आहे. दहा वर्षांनी काय होईल हे सांगायला दहा वर्षे जावी लागतील.

दुसरीही एक वाट आहे. सगळे राखणदार हाकलण्याऐवजी त्यांना आवर घालणारा मुकादम पाठवायचा. अशा आवर घालणाऱ्या टी पेशी शरीरात असतात, हे जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ साली उंदरांत दाखवले. २०२५ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यांना आणि अमेरिकेतील मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल यांना मिळून देण्यात आले, ते याच पेशींच्या शोधासाठी. ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी लुपसच्या रुग्णांच्या अशा पेशी घेऊन, त्यांना नेमके लुपसचे ठिकाण ओळखायला शिकवून, उंदरांतील मूत्रपिंडाचा आजार आटोक्यात आणला. ते काम २०२४ साली प्रसिद्ध झाले. यात बाकीची प्रतिकारशक्ती शाबूत राहते, हा मोठा फायदा. पण ही गोष्ट अजून उंदरांच्या पायरीवरची आहे.

आपल्या दारापर्यंत काय आले आहे?

हे सारे परदेशात, आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. पण कार टी पेशी बनवण्याची विद्या डहाणूहून गाडीने अर्ध्या दिवसात पोचता येईल इतक्या जवळ आली आहे. पवईची आयआयटी आणि टाटा स्मारक केंद्र यांनी मिळून ही विद्या मुंबईत उभी केली. आयआयटीचे डॉ. राहुल पुरवार यांनी पेशी घडवल्या, टाटाचे डॉ. हसमुख जैन आणि डॉ. गौरव नरूला यांनी त्या रुग्णांवर वापरल्या. ४ जून २०२१ रोजी खारघर येथील टाटाच्या केंद्रात पहिल्या रुग्णाला त्या देण्यात आल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारची मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईला या उपचाराचे लोकार्पण केले.

दोन गोष्टी मात्र स्पष्ट समजून घ्याव्यात. २०२३ ची ती मान्यता रक्ताच्या कर्करोगासाठी होती, लुपससाठी नव्हे. दुसरे, खर्च. परदेशात तीन-चार कोटी रुपये लागतात तिथे आपल्याकडचा आकडा सुरुवातीस चाळीस लाखांच्या घरात होता. परदेशाच्या मानाने स्वस्त, पण आपल्या घराच्या मानाने डोंगराएवढा. तरीही ज्या पेशी कर्करोगात बी पेशींना मारतात त्याच लुपसमध्ये लागतात, म्हणून इथे उभी राहिलेली विद्या उद्या उपयोगी पडू शकते.

धोकेही आहेत. पेशी सोडण्याआधी कडक औषधे द्यावी लागतात. पेशी कामाला लागल्या की जोराचा ताप चढतो, रक्तदाब उतरतो, कधी अतिदक्षता विभागात ठेवावे लागते. बी पेशी नसल्याच्या काळात साधा जंतूही भारी पडतो. क्वचित या पेशींपासूनच कर्करोग उद्भवू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध खात्याने २०२४ च्या आरंभी दिला आहे.

म्हणून एक सावधगिरीची सूचना. ‘पेशींचे इंजेक्शन देतो, लुपस मुळापासून घालवतो’ असे सांगून कोणी पैसे मागू लागला तर जमीन गहाण टाकू नये. जिथे असा उपचार चाचणी म्हणून होतो तिथे लेखी संमती घेतात, धोके समजावून सांगतात आणि चाचणीच्या औषधाचे पैसे रुग्णाकडून मागत नाहीत.

आज हातात काय आहे?

पुष्कळ आहे. लुपसचे सर्वांत जुने आणि आजही पहिले औषध आपल्या ओळखीच्या घराण्यातले आहे. मलेरियावरच्या गोळ्यांनी लुपसचे चट्टे बरे होतात, हे इंग्लंडमध्ये १९५१ साली प्रसिद्ध झाले. त्याच घराण्यातली हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची गोळी आज जवळजवळ प्रत्येक रुग्णाला देतात. ती महाग नाही. ती घेणाऱ्याने डोळे मात्र डॉक्टर सांगतील तेव्हा तपासून घ्यावेत. आजार जोरात असेल तर स्टेरॉईड आणि प्रतिकारशक्ती आवरणारी इतर औषधे देतात. वेळेवर सुरू केली तर बहुतेक जणींचे आयुष्य चांगले जाते.

घरातल्यांनी काय करावे ते असे:

१. खुणा एकत्र दिसल्या तर आशाताईंना किंवा उपकेंद्रातील सिस्टरना सांगावे. गरोदर बाईची लघवी तपासतात तशी लघवीतील प्रथिनाची तपासणी करून घ्यावी. ही तपासणी साधी आहे, पण मूत्रपिंडाचा धोका ती लवकर सांगते.

२. डहाणूच्या, कासा येथील किंवा तलासरीच्या सरकारी रुग्णालयातून मोठ्या रुग्णालयात पाठवण्याची चिठ्ठी घ्यावी. परळच्या केईएम रुग्णालयात अशा आजारांची तपासणी होते. त्याच आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था आहे, तिथे लुपसच्या प्रतिद्रव्यांवर संशोधनही झाले आहे. २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत येते, त्यामुळे जाणे-येणे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. आधीचे सर्व कागद आणि रिपोर्ट एका पिशवीत घालून न्यावेत. सरकारी योजनेत काय बसते हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे.

३. ऊन टाळावे. चिकूच्या वाडीतले किंवा खळ्यावरचे काम सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर करावे. लांब बाह्या आणि डोक्यावरून पदर घ्यावा.

४. बरे वाटले म्हणून स्टेरॉईडची गोळी एकदम बंद करू नये, त्याने जिवावर बेतू शकते. दुखते म्हणून वेदनाशामक इंजेक्शने वरचेवर घेऊ नयेत, ती मूत्रपिंडांना बाधतात. भगताकडून झाडपाला घेतला असेल तर तो डॉक्टरांपासून लपवू नये.

५. मूल हवे असेल तर आजार निदान सहा महिने शांत असावा आणि डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा. काळजी घेतली तर लुपस असलेल्या बाईलाही सुखरूप बाळंतपण होऊ शकते.

शेवटची गोष्ट औषधाची नाही, पण तिच्याइतकीच महत्त्वाची आहे. लुपस संसर्गाने होत नाही. एका ताटात जेवल्याने, अंगावरचे कपडे वापरल्याने, शेजारी झोपल्याने तो लागत नाही. तो कोणाच्या करणीने होत नाही, बाईच्या चुकीने होत नाही. तरी गालावर चट्टे आले म्हणून सोयरीक मोडते, काम होत नाही म्हणून सुनेला माहेरी धाडले जाते. तिथे तिच्या गोळ्या संपतात आणि सहा महिन्यांनी सुजलेले पाय घेऊन ती रुग्णालयात येते. पेशींचा उपचार आपल्या पाड्यापर्यंत यायला किती वर्षे लागतील ते शास्त्रज्ञांवर आणि सरकारवर अवलंबून आहे. सुनेची गोळी चुकू न देणे आणि तिला तपासणीच्या दिवशी गाडीत बसवून देणे हे मात्र सासू-सासऱ्यांच्या, नवऱ्याच्या आणि दिरा-नणंदांच्या हातात आहे. घराचे कुंपण तेवढे शाबूत ठेवावे.